रिकाम्या झोळीचे वजन

मित्रांनो, मी एक जुना टांगता काटा आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला काही वाटत नाही. मी लोखंडाचा आहे. कुणी रडले, हसले, लाथा झाडल्या, तरी मला त्यातले फक्त वजन कळते.

कारखान्यातून निघालो, जहाजाने तिमोरला आलो आणि डोंगरातल्या एका गावी, चर्चच्या पडवीत, तुळईला टांगला गेलो. त्याला एकोणीस वर्षे झाली. महिन्यातून एकदा आया लेकरे घेऊन येतात. लेकराला कापडाच्या झोळीत घालून माझ्या आकड्याला अडकवतात आणि दांडीवरचे छोटे वजन सरकवतात. दांडी आडवी झाली की तिथला आकडा वाचून कार्डावर एक टिंब काढतात. मग लेकराला हिरव्या मुगाची गोड पेज मिळते. लेकरे पेजेसाठी येतात, माझ्यासाठी नाही, हे मला ठाऊक आहे.

झोळीचे वजन लेकराच्या वजनात धरले जाऊ नये म्हणून दांडीच्या दुसऱ्या टोकाला रेतीची पिशवी बांधलेली असते. आधी रिकामी झोळी टांगायची, दांडी आडवी राहते का ते बघायचे आणि मगच पहिले लेकरू घ्यायचे, असा नियम आहे. ती पिशवी पिठाच्या गोणीच्या कापडातून मा ओर्पाने स्वतः शिवली होती. मा ओर्पा म्हणजे गावची आरोग्यसेविका. तीच मला पुसते, तीच तेल घालते. पहिली काही वर्षे तिने नियम पाळला. पुढे म्हणू लागली, "याचं काय बघायचं? माझा नवरा चुकेल, पण हा नाही चुकायचा." बायका हसायच्या. ते मला आवडायचे, एवढे कबूल करतो.

त्या वर्षी मका लवकर संपला. ऑगस्टपासून घरोघरी एक वेळचेच शिजत होते. तरी माझ्या दांडीवर प्रत्येक लेकराचे वजन चढत गेले. "वाऱ्यावर पोसली वाटतं पोरं," असे म्हणत मा ओर्पा टिंबे काढायची. तालुक्याहून गावाला प्रशस्तिपत्र आले आणि ते माझ्या शेजारच्या खांबाला लावले गेले.

काम संपले की ती पडवी झाडायची. माझ्या खाली दर खेपेला चिमूट दोन चिमटी रेती सापडायची. पोरांच्या पायांना लागून आली असेल, असे म्हणून ती लोटून द्यायची.

देल्सी नावाची एक अकरा महिन्यांची पोर होती. तिचा बाप मलेशियात पामच्या मळ्यात कामाला होता. आई फिना एकटीच डोंगर चढून तिला आणायची. सप्टेंबरात ती म्हणाली, "मा, पोरगी हाताला हलकी लागते."

"अगं, उचलून उचलून हात बधिर झालाय तुझा. हे बघ, सात किलो चारशे. गेल्या खेपेला तीनशेच होती."

"पण खात नाही गं ती."

"तुझा हात खरा, की हे लोखंड? कार्ड बघ, टिंब कसं वर चाललंय. जा, पेज घे तिच्यासाठी."

फिनाने पेज घेतली. ऑक्टोबरात तिने विचारलेच नाही. मी सात किलो पाचशे दाखवले.

पुढचे मी पाहिले नाही, पडवीतल्या बोलण्यातून कळले. देल्सीला जुलाब लागले. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवरून तिला दवाखान्यात नेले, तर तिथल्या काट्यावर ती साडेसहा किलो भरली. डॉक्टरांनी विचारले, इतकी वाळली तरी आधी का आणली नाही. फिनाने कार्ड पुढे केले. तिसऱ्या दिवशी देल्सी गेली.

ते कार्ड घेऊन दवाखान्यातली नर्स आमच्याकडे आली. तिने सरकते वजन शून्यावर ठेवले, रिकामी झोळी अडकवली आणि हात सोडला. झोळी खाली गेली, दांडी वर उचलली गेली. पिशवीच्या शिवणीला उंदराने भोक पाडले होते. निम्मीअधिक रेती गळून गेली होती. दांडीचे ते टोक जितके हलके होत गेले, तितके प्रत्येक लेकरू जड ठरत गेले.

"मा ओर्पा, शून्य कधी बघितलं होतं?" नर्सने विचारले.

मा ओर्पा कोपऱ्यातल्या झाडूकडे बघत राहिली. मग उठून तिने प्रशस्तिपत्र काढले आणि घडी करून नर्सच्या हातात दिले. पिशवी शिवून रेतीने पुन्हा भरली आणि त्याच दिवशी गावातले प्रत्येक लेकरू पुन्हा जोखले गेले. चार लेकरांना तातडीने दवाखान्यात पाठवले आणि ती चारही परत आली.

पुढच्या महिन्यात फिना आली. ती येईल असे कुणालाही वाटले नव्हते. देल्सीला ज्यात घालून आणायची ती झोळी तिने आणली होती. आजीने विणलेली ती झोळी खरे तर रीतीप्रमाणे लेकरासोबत पुरायची होती.

"ही घे, मा. दर वेळी पहिल्यांदा ही टांगायची. रिकामी. मग हिच्यातच लेकरं घालायची."

"फिना, मी तुझं ऐकायला..."

"मीही ऐकलं नाही माझ्या हाताचं. टांग आता."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, पुसा, तेल घाला. पण आमची शिवण उसवली आहे का तेही बघा. आम्ही खोटे बोलत नाही, तरी आमचे चुकते. आणि आई म्हणाली की लेकरू हलके लागते, तर तिला पेज देऊन वाटेला लावू नका. आता मा ओर्पा प्रत्येकीला आधी विचारते, "हाताला कसं लागतं?" आणि ते उत्तरही कार्डावर लिहिते.

पण त्याआधी देल्सीची झोळी माझ्या आकड्याला लागते. मा ओर्पा हात सोडते. दांडी डुलत डुलत आडवी होते. झोळीत कुणी नसते, आणि मी शून्य दाखवतो.