सोल्युशन वाळेपर्यंत

"डावीकडून घ्या म्हणलं व्हतं मी."

"तुझं डावं कोणतं, ते तुला तरी कळतं का?"

अंगणातल्या बाजेवर रखमाजीला डुलकी लागली होती. झोपेतच त्याला वाटलं, आपण आणि आपली बायको सोनूबाईच भांडतोय. तो पुटपुटला, "बरं बाई, तुझंच खरं." मग डोळे उघडले. सोनूबाईला जाऊन आठ महिने झाले होते.

पण भांडण थांबलं नव्हतं. समोर घनसावंगीच्या रस्त्याकडेला एक जीप उभी होती आणि जीपच्या मागे घर होतं. दोन चाकांवरचं, पांढरं, लहानसं घर. त्याला दार होतं, खिडकी होती, खिडकीला फुलाफुलांचा पडदा होता. पलीकडे कापूस फुटलेला. सगळं इतकं पांढरं, की रखमाजी पुन्हा डोळे मिटणार होता.

"पंपाचे मिस्त्री तुम्हीच का?" जीपमधून उतरलेल्या टोपीवाल्या माणसानं विचारलं. "वाटंत ज्याला इचारलं त्यानं तुमचंच नाव सांगितलं."

माणसाचं नाव साहेबराव. जन्म वर्कशॉपमध्ये गेला, सत्त्याण्णवला, म्हणजे गेल्या साली निवृत्त झाला, आणि मग वर्षभर अंगणात ठोकठोक करून त्यानं हे चाकाचं घर बांधलं. आत झोपायला फळी, गॅसची शेगडी आणि भांडी धुवायला चक्क बेसिन. बेसिनचं सांडपाणी खालच्या पाइपातून बाहेर जायचं. तो पाइप रस्त्यातल्या दगडानं मोडला होता आणि पाणी चाकांमधल्या दांड्यावर गळत होतं.

"दगड मी दाखवला व्हता," त्याची बायको प्रभावती म्हणाली.

"दगडावरून गेल्यावर दाखवला."

रखमाजीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, म्हणून त्यानं ते मिशीखाली दाबलं. "अंगणात घ्या आत," तो म्हणाला. "पाहू काय व्हतं ते."

पोतं अंथरून तो उताणा घराखाली सरकला. पाइप बेसिनच्या खाली वीतभर नीट होता आणि तिथून पुढे फुटला होता. तुटका भाग कापायचा, नवा तुकडा जोडायचा. तासाभराचं काम. पण तो लगेच उठला नाही.

वर प्रभावती चालत होती. पावलं इकडून तिकडे गेली, थांबली, परत आली. बांगड्या वाजल्या. डब्याचं झाकण निघालं, बसलं. खाली सावली होती, गार होतं. रखमाजीनं आयुष्यभर घरात बसून घर ऐकलं होतं, घराखाली निजून कधी ऐकलं नव्हतं. त्याला वाटलं, माणूस जमिनीत गेल्यावर असंच ऐकू येत असेल. बायकामाणसं आपापली कामं करताहेत आणि आपल्याला कुणी हाक मारत नाही.

"मिस्त्री, झोपलात का काय?" साहेबराव खाली वाकला.

"पाहून राह्यलो," रखमाजी म्हणाला.

बाजूच्या पंपखोलीत पाइपाचे तुकडे पडलेले असायचे. त्यानं एक निवडला, करवतीनं कापला. मग कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ केला आणि पाइपाचं तोंड त्यावर फिरवत राहिला. पाइप मऊ पडला तसं ते तोंड दुसऱ्या पाइपावर दाबून रुंद केलं आणि पाणी मारलं. प्रभावती दारात बसून बघत होती.

"मावशीकडं चाललो आम्ही, गोदाकाठाला," ती म्हणाली. "आज दिवसाउजेडी पोचायचंय. ह्यांना समदं गाव येडं म्हणत व्हतं. म्हणलं, आता घर घेऊनच जाऊ. बघू द्या."

"मंग बराबर हाय."

"तुमच्या घरात बाईमाणूस न्हाई का?"

"हाय की," रखमाजी म्हणाला. पाइप हातात तसाच राहिला. "व्हती."

प्रभावती उठली. आतून तिनं त्याला पाण्याचा तांब्या आणून दिला. अंगण त्याचं, आणि पाणी तिनं दिलं.

तो पुन्हा खाली गेला. पाइप चिकटवायचं सोल्युशन लावलं, तोंडात तोंड बसवलं, हातानं धरून ठेवलं. असले जोड त्यानं हजारो केले होते. एक बिडी संपते तेवढ्यात सोल्युशन वाळून जोड पक्का होतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. बिडी संपली असती, आणि मग जीप सुरू झाली असती. घर रस्त्याला लागलं असतं. अंगणात बाज उरली असती.

"झालं का?" साहेबरावनं विचारलं.

"झालं," रखमाजी बाहेर येत म्हणाला. "पर सोल्युशन वाळाया पायजे. आत्ता हलवलं तर जोड निघंल. सकाळपस्तोर थांबावं लागंल."

तीस वर्षांत गिऱ्हाइकाशी तो खोटं बोलला नव्हता.

प्रभावतीचा चेहरा उतरला. "म्हणजे आज न्हाई? मावशी वाट बघून राह्यली असंल."

साहेबराव टोपी काढून घराखाली गेला. त्याचे फक्त पाय दिसत होते. रखमाजी त्या पायांकडे बघत उभा राहिला. जोडावरून अंगठ्याचं नख फिरल्याचा कोरडा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. वर्कशॉपचा माणूस होता तो. आता बाहेर येईल आणि तोंडावर म्हणेल, मिस्त्री, कुणाला येडं करता?

साहेबराव बाहेर आला. गुडघे झटकले. रखमाजीकडे एकदा पाहिलं, मग त्याच्या मागच्या उघड्या दाराकडे आणि थंड चुलीकडे पाहिलं.

"ओलंय अजून," तो बायकोला म्हणाला. "उद्या निघू."

सांज झाली. बेसिन बंद, म्हणून प्रभावतीनं अंगणातल्या चुलीवरच पिठलं केलं आणि अंगणातल्या दगडावरच भांडी घासली. मीठ कमी पडलं यावरून दोघांची जुंपली. रखमाजीला मध्ये घेतलं.

"भाऊ, खरं सांगा, कमी हाय का?"

"बराबर हाय," रखमाजी म्हणाला.

"अहो मिस्त्री, आज तुम्ही किती येळा खोटं बोलणार?" साहेबराव म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडण्यात गुंतला.

रखमाजीचे कान तापले. पण प्रभावती हसत होती, म्हणून तोही हसला.

सकाळी पोहे, चहा झाला. मग रखमाजी घराखाली गेला आणि ओरडला, "टाका पाणी!" वर तिनं बेसिनमध्ये भांडी धुतली. पाणी नव्या पाइपातून धावत आलं आणि अंगणात पडलं. जोडावर त्यानं बोट फिरवलं. थेंब नव्हता.

साहेबरावनं खिशात हात घातला. रखमाजीनं तो हात तिथंच धरला.

"ताई, मावशीला सांगा, माझ्यापायी उशीर झाला."

"तुमच्यापायी कशाला? सोल्युशनपायी झाला," प्रभावती म्हणाली. "तुम्ही काय करणार?"

साहेबरावनं घाईघाईनं जीप सुरू केली.

"डावीकडं दगड हाय!" आतून आवाज आला.

"दिसतोय मला!"

पांढरं घर हलत हलत रस्त्याला लागलं, कापसाच्या कडेनं बारीक होत गेलं, आणि मग कापूस कोणता आणि घर कोणतं ते कळेना.

अंगणात पाइपाखाली परातीएवढी ओल राहिली होती. तिच्यात चहाची पत्ती होती, पोह्यांचे चार दाणे होते, कोथिंबिरीची एक काडी होती. दोन चिमण्या उतरल्या. ऊन कडेकडेनं ओल खात आत सरकत होतं.

अंगण झाडायचं राहिलं होतं. रखमाजीनं खराटा घेतला आणि तेवढी ओल सोडून बाकीचं अंगण झाडलं.