नारिंगी जॅकेटचं तुटलेलं बकल

मी एक जुनं लाइफ जॅकेट आहे, मित्रांनो. लहान मुलांच्या मापाचं, नारिंगी, छातीवर एकच काळं बकल. नाशिकच्या पश्चिमेला धरणाच्या पाण्यात एक शिडाची नौका फिरते, तिच्यावर मी नऊ वर्षं काम केलं. सांगता सांगता मी मध्येच चिडलो तर मनावर घेऊ नका. सगळं दिसतंय, कळतंय, आणि तोंडातून शब्द फुटत नाही, याचा त्रास मी एक अख्खा दिवस भोगलाय.

मी तयार झालो तेव्हा आत जाड फोम भरला होता, चहूबाजूंनी दुहेरी शिलाई होती. पाण्याच्या टाकीत दाबून पाहिलं तर मी टुणकन वर आलो, आणि तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. पहिली वर्षं मानाची गेली. मुलं मला घालून फोटो काढायची. मग रंग विटला आणि लोकांनी मला उशाला घेतलं, बुडाखाली घेतलं. एकाने माझ्यावर बसून वडापाव खाल्ला आणि हातही मलाच पुसले. तेही चालवून घेतलं. पण गेल्या दिवाळीत कुणीतरी पेटीचं झाकण धाडकन आपटलं आणि माझ्या बकलचा एक दात तुटला.

नौका चालवणारा सोमा पलीकडच्या डोंगरातल्या गावचा. त्याने मला उलटंपालटं करून पाहिलं, चुकचुकला, उद्याच नाशकातून बकल आणतो म्हणाला आणि माझ्या पट्ट्याला घट्ट गाठ मारली. गाठ दिसली की ते जॅकेट कुणाला द्यायचं नाही, ही त्याची आणि त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या भाचीची, सविताची, खूण. मग मी पेटीच्या तळाशी गेलो. सोमाचा तो उद्या फेब्रुवारी आला तरी उजाडला नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ढुंढिराज आजोबा आले. सोबत सून उत्तरा आणि सात वर्षांची नात ओवी. पाणी उतरलं की बुडालेल्या टेकड्यांची डोकी वर येतात, त्यांनाच इथे बेटं म्हणतात. दिवसभरात तशी तीन बेटं करायची ठरली होती. आजोबा ओझरच्या विमान कारखान्यात जन्मभर सुटे भाग तपासून निवृत्त झालेले. जॅकेट घातल्याशिवाय पोरगी नौकेत पाय ठेवणार नाही, असं त्यांनी काठावरच बजावलं. बरोबरच होतं त्यांचं.

सविताने लहान मापाचं चांगलं जॅकेट पुढच्या टोकाला काढून ठेवलं होतं. पण ती दोर सोडत होती, सोमा शिडाशी झटत होता, आणि आजोबांना कुठला धीर! त्यांनी स्वतःच पेटी उघडली. हाताला मी लागलो. पट्ट्याची गाठ पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. गुंता झालेली वस्तू त्या माणसाला बघवतच नाही. चष्मा कपाळावर सरकवून, नखांनी, अगदी चिकाटीने त्यांनी ती गाठ सोडवली. पट्टा ताणून सरळ केला आणि मला ओवीच्या अंगात घातलं. बकल टक्क वाजलं. आजोबा समाधानाने हसले, आणि माझ्या जिवाचं पाणी झालं.

सविता आली, तिने ओवीच्या अंगावर जॅकेट पाहिलं. पुढे काढून ठेवलेलंच मामाने दिलं असेल, असं तिला वाटलं. सोमाला वाटलं, सविताने दिलं असेल. दोन्ही जॅकेटं नारिंगीच, मग निरखून बघतंय कोण?

पहिल्या बेटावर बगळे होते. ओवी त्यांच्यामागे धावली, वाकली, उड्या मारल्या, आणि दर उडीला माझं बकल कणभर सरकत होतं. दुसऱ्या बेटावर पोळीभाजी झाली, द्राक्षं झाली. उकडतंय म्हणून ओवीने मला काढून गवतात फेकलं. बरं झालं, आता मला इथेच विसरा, असं मी मनात घोकत राहिलो. पण उत्तरा आई आहे, ती कशी विसरेल? तिने मला झटकलं, पुन्हा लेकीला घातलं आणि पट्टा मायेने आवळला. मला तिचा राग आला, मित्रांनो. आणि राग आला म्हणून माझीच मला लाज वाटली.

तिसऱ्या बेटाकडे निघालो तेव्हा वारा वाढला होता. पाण्याला हात लावायला ओवी नौकेच्या काठाशी सरकली. सविता तिला मागे ओढायला उठली, तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, नौका कलली आणि ओवी पाण्यात पडली. ज्यासाठी माझा जन्म, ते काम मी केलं. पाण्याने मला वर लोटलं आणि मी सगळा जोर लावून वर आलो. त्या ओढीनेच बकल सुटलं. मी झकास तरंगत होतो. ओवी माझ्यात नव्हती.

सविताने सरळ उडी मारली. सोमाने नौका वाऱ्याकडे तोंड करून उभी केली, शीड वेड्यासारखं फडफडायला लागलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. सविता वर आली तेव्हा ओवीची वेणी तिच्या मुठीत होती. पोरगी खोकली, पाणी ओकली, मग तिने भोकाड पसरलं. उत्तराने तिला नौकेत ओढून घेतलं आणि आपली ओढणी तिच्याभोवती गुंडाळली.

सोमाने मला आकड्याने ओढून घेतलं. बकल पाहिलं, पट्टा पाहिला.

"ह्याची गाठ कुनी सोडली?"

"मी," आजोबा म्हणाले. "मला तो गुंता वाटला. कारखान्यात सदोष भागाला आम्ही लाल चिठ्ठी लावायचो. ही गाठ कशाची, एवढं विचारायला हवं होतं मी."

"गाठ आमची आमालाच कळती, काका. तुमाला कशी कळावी? आन बकल आनतो आनतो म्हनत मी चार महिने काढले. चूक माझी हाय."

एवढं बोलून सोमाने कंबरेची सुरी काढली आणि माझा पट्टा हातात धरला. आईच्या ओढणीत गुंडाळलेली ओवी कुडकुडत म्हणाली, "नको ना कापू काका. त्याची काय चूक?"

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला टाकू नका म्हणून. खरंच टाकू नका. ज्या दिवशी मोडलं, त्याच दिवशी दुरुस्त करा. पण ते होणार नसेल, तर आम्हाला धडधाकट दिसत पेटीत पडू देऊ नका. ओवीला मला हेच सांगायचं होतं. चूक माझी नाही ग बाळ, पण उद्या आणखी कुणाचे आजोबा येतील, आणि तेही मला इतक्याच मायेने नातीला घालतील. सोमा, तू तिचं ऐकू नकोस. काप.