एका झऱ्याची मुलं

“गावं धरून मोजलं तर फरक ठामपणे सांगता येत नाही, डॉक्टर,” इल्सी म्हणाली.

संस्थेचे प्रमुख डॉक्टर बाराओना कॉफी ढवळत राहिले. राजधानी तेगुसिगाल्पातल्या या आरोग्यसंस्थेत आकडेवारी पाहायचं काम इल्सीकडे होतं. डोंगरातल्या काही गावांत पिण्याच्या पाण्यात टाकायचे क्लोरीनचे थेंब वाटले होते, काहींत नव्हते. मुलाला जुलाब झाले की नाही, एवढाच प्रश्न. एकेक मूल सुटं मोजलं की थेंबांचा गुण लख्ख दिसे. पण एका झऱ्याचं पाणी पिणारी मुलं एकदम आजारी पडतात, एकदम बरी राहतात. त्यांच्या उत्तरांना वेगवेगळ्या साक्षी कसं म्हणायचं? आणि गुण दिसत होता तो बहुतेक एकाच गावातून, ला सिएनेगातून. तिथे थेंब वाटत दारोदार फिरायची ती इल्सीची त्रान्सितो मावशी. आईमागे इल्सीला तिनंच वाढवलं होतं.

“मुलं सुटी सुटीच मोज ना. कोण बघतंय?” डॉक्टर म्हणाले. “काम बंद पडलं तर तुझ्या मावशीचंही पडेल.”

इल्सीनं गावं धरूनच हिशेब दिला. पैसे देणाऱ्यांनी हात आखडला.

मावशीला सांगायला ती स्वतः गेली. मावशी चुलीपाशी तोर्तिया, मक्याच्या पातळ भाकरी, भाजत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे माझी पोरं बरी झाली, ते खोटं?”

“खोटं नाही गं. पण थेंबांनी झाली, की तू दारात उभी राहून पाणी उकळायला लावायचीस म्हणून, ते एका गावावरून कळत नाही.”

“मला इचारायचं होतंस,” मावशी म्हणाली. मग चुलीतलं लाकूड पुढे सारत, “मलाबी न्हाई सांगता यायचं म्हणा.” आणि तिनं इल्सीच्या ताटात आणखी एक तोर्तिया टाकली.

थेंब संपले. मावशी मळ्यात बटाटे काढायला जाऊ लागली. दारोदार फिरायला वेळ उरला नाही. पावसाळ्यात झरा गढूळ झाला आणि मावशीच्या शेजारणीचं, रुफिनाचं, तान्हं बाळ जुलाबानं गेलं.

इल्सी मातीला आली. तिला कुणी बोल लावला नाही. तेच तिला जड गेलं. रुफिनानं तिचा हात धरून हळूच विचारलं, थेंब असते तर वाचलं असतं का?

‘नाही’ म्हटलं असतं तर त्या बाईला थोडी झोप लागली असती. इल्सी म्हणाली, “मला माहीत नाही, ताई.” रुफिनानं मान हलवली. हात मात्र सोडला नाही.

पेटी इतकी लहान होती की खांदेकरी लागलेच नाहीत. मावशीनं ती उराशी धरली आणि चिखलात पाय रोवत ती दफनभूमीकडची चढण चढू लागली.