मागांच्या घरातला फळा

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, फळ्याला बोलायची सवय नसते. आजवर लोकांनी माझ्यावर लिहिलं आणि मी ते धरून ठेवलं, एवढंच माझं काम. त्यामुळे माझी ही गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. कुठं अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कोल्हापुरातला. हंबीरराव नावाच्या सुतारानं सागाच्या जाड फळ्या रंधून, सांधून मला केलं, भोवती चौकट ठोकली आणि काळ्या रंगाचे हात दिले. मग मला एसटीच्या टपावर बांधून गडहिंग्लजजवळच्या एका शाळेत नेलं. तिथं माझं तारुण्य गेलं. घंटा झाली की मुलं आत यायची, गुरुजी "गप्प बसा" म्हणायचे, वर्ग चिडीचूप व्हायचा आणि मग खडूचा आवाज तेवढा यायचा. पाहुणे साहेब आले की माझ्यावर सुविचार लिहिला जाई. "फळा काय सुंदर ठेवलाय," असं एकदा एक साहेब म्हणाले होते. एवढं कौतुक मला पुष्कळ दिवस पुरलं.

पुढं भिंतीवर हिरवा फळा आला, मग पांढरा, मग पडद्यावर चित्रं दिसू लागली. मला काढून मोडक्या बाकांच्या मागं ठेवलं गेलं. पावसाळ्यात भिंतीची ओल यायची आणि पालींनी माझ्या पाठीशी संसार थाटला. मला वाटलं, संपलं आता. जुन्या वस्तूला असं वाटतंच. पुष्कळदा ते खरंही असतं.

माझ्या बाबतीत ते खरं ठरलं नाही. इचलकरंजीजवळच्या कबनूरचे अनेकांत नावाचे एक मागवाले गडहिंग्लजला आपल्या बहिणीकडं आले होते. शाळेनं भंगार काढलं आहे हे कळताच त्यांनी मला टेम्पोत घातलं आणि घरी आणलं.

घर म्हणजे खाली कापड विणणाऱ्या मागांची शेड आणि वर राहायच्या खोल्या. मागांवर सूत नेणारे धोटे रात्रंदिवस इकडून तिकडं धावायचे. खट-खटाक, खट-खटाक. पहिल्या दिवशी मी हादरलोच. मी भिंतीवर थरथरत होतो, माझ्यावर लिहिलं की खडूची भुकटी आपोआप खाली झडत होती. या घरात कुणी हळू बोलत नाही. हळू बोललेलं ऐकूच जात नाही.

मला आणलं होतं चंदनासाठी. ती अनेकांत आणि सोनल यांची मुलगी. महामारीत शाळा बंद झाल्या, तेव्हा सोनलनं तिला घरी शिकवायला सुरुवात केली. खाली उतरून धोट्यांसाठी सुताच्या कांड्या भरायच्या, वर येऊन अपूर्णांक शिकवायचे, असं तिचं चाले. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा चंदनानं एका जेवणाच्या वेळी सांगितलं की मी घरीच शिकते. इथं मला प्रश्न विचारता येतात. तिथं माझा नंबर येईपर्यंत तास संपतो. आई-बापानं एकमेकांकडं पाहिलं आणि मान डोलावली.

मान डोलावली नाही ती एकट्या कल्लाप्पांनी. ते चंदनाचे आजोबा, घरात सगळे त्यांना अज्जा म्हणतात. सगळा जन्म मागावर गेलेला माणूस. त्यांना मागाच्या आवाजात गाढ झोप लागते आणि माग थांबला की ते दचकून उठतात. नात शाळेत जात नाही हे त्यांना पटत नव्हतं. बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेलं की कुणीतरी विचारायचंच, पोरगी घरात का बसवलीया, काय दुखतंय-खुपतंय का. अज्जा घरी येऊन ते सगळं सुनेला ऐकवायचे. सोनल ऐकून घ्यायची आणि संध्याकाळच्या भाकरी थापायला लागायची, कारण दिवस मावळायच्या आत जेवणं आटपायची असत.

चंदना मात्र मोठी होत होती, आणि माझ्यासमोर होत होती. आधी तिचा हात माझ्या खालच्या काठापर्यंत पोचायचा, मग मधोमध, मग वरच्या चौकटीपर्यंत. ती उभं राहून शिकायची. गणित असो की इतिहास, मोठ्यानं बोलत बोलत लिहायची, चुकलं तर स्वतःलाच रागवायची आणि बाहीनं पुसून टाकायची. शेडमधून तिचे बाबा "काय म्हणालीस?" असं ओरडून विचारत आणि ती भूमितीचं प्रमेय ओरडून परत सांगे. मी शाळेत पुष्कळ हुशार मुलं पाहिली, पण विषयाशी असं भांडणारी मुलगी पाहिली नव्हती. दुपारी ती वाण्याकडं जाई, सायकल काढून ओढ्यापर्यंत फिरून येई, मागांची दुरुस्ती करणारे जॉबर कृष्णातकाका माग उघडून बसले की त्यांच्या शेजारी बसून दातेरी चाकं मोजे. संध्याकाळी शाळेतल्या मैत्रिणी आल्या की त्यांच्याबरोबर गच्चीवर बडबड करत बसे. मला तर तिच्या आयुष्यात काही उणं दिसलं नाही.

तिनं दहावीची परीक्षा बाहेरून द्यायची ठरवली, तेव्हा अज्जांनी आपली अट घातली. जेवता जेवता, ताटाकडं बघत.

"पहिल्या झटक्यात पास झाली तर पुढं काय शिकायचं, कुठं शिकायचं, तिचं ती ठरवंल. मी तोंड उघडणार न्हाय. पण नापास झाली, तर गपगुमान गडहिंग्लजला आत्याकडं जायचं आणि शाळंत बसायचं."

"चालेल की," चंदना म्हणाली. तिच्या आवाजात जराही कंप नव्हता. तिला सगळं येत होतं, आणि येतं हे तिला ठाऊक होतं.

हिवाळ्यात केतनमामानं तिला कोल्हापुरात शाहूपुरीत नेलं. तिथल्या एका क्लासमध्ये सराव परीक्षा होती. काचेची बंद दारं, थंडगार खोली, प्रत्येकाला वेगळा बाक. ती गेली हसत आणि आली तेव्हा तिच्या तोंडावर रंग नव्हता. पेपर अर्ध्याहून जास्त कोरा होता.

सोनलला काही समजेना. तिनं तोच पेपर हातात घेतला, चंदनाला माझ्यासमोर उभं केलं आणि एकेक प्रश्न विचारला. खाली माग धडधडत होते. चंदनानं खडू घेतला आणि न थांबता सगळा पेपर माझ्या अंगावर सोडवला. एक बेरीज चुकली, ती तिनंच पकडली.

"मग तिथं काय झालं गं?" सोनलनं विचारलं. चंदनानं खांदे उडवले. जिन्यात अज्जा उभे होते. ते खाली उतरताना खाकरले, आणि त्या खाकरण्यात गडहिंग्लज स्पष्ट ऐकू आलं.

मग सोमवार आला. आमच्याकडं सोमवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते. माग थांबतात, कामगार घरी जातात, आणि घरात सगळ्यांनाच सुट्टी असते. चंदनालाही. लाईट गेली की अभ्यास बंद, ही या घराची पहिल्यापासूनची रीत. त्या सोमवारी मात्र ती सुट्टी न घेता माझ्यासमोर आली आणि तिनं एक साधं समीकरण लिहिलं.

मित्रांनो, या घरात मला माझाच आवाज पहिल्यांदा ऐकू आला. खडू माझ्यावर करकरला. चंदना दचकली. पुढची पायरी लिहायला तिनं हात उचलला आणि तो तसाच राहिला. मग तिनं हाक मारली.

"मम्मी, काही ऐकू येत नाही."

सोनल धावत आली. "कानाला काय झालं? काय ऐकू येत नाही?"

"काहीच. सगळं गप्प आहे. म्हणून तर सुचत नाही."

सोनल आधी हसली. मग हसू थांबवून खाली पाटावर बसली. दोघींच्या एकदमच लक्षात आलं होतं. घरी शिकायला लागल्यापासून इतक्या वर्षांत या मुलीनं शांततेत एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. मागांचा आवाज आणि स्वतःचा आवाज, या दोन आवाजांच्या आधारानं ती विचार करायला शिकली होती. परीक्षेच्या खोलीत यातला एकही मिळणार नव्हता. ज्या घरात माग नाही, तिथल्या माणसांना शांततेची सवय न लावायची ही चूक करताच आली नसती.

संध्याकाळी अनेकांत म्हणाले की परीक्षेपर्यंत रोज दुपारी माग बंद ठेवू. चंदनानं ते मोडून काढलं. माझ्यासाठी घराचं काम थांबवायचं नाही, माझं मी बघते, असं ती ठामपणे म्हणाली. सोमवार तर आहेच, बाकीचे दिवस कापूस घालून बसेन. दुसऱ्या दिवशी ती खरंच कानात कापसाचे बोळे घालून बसली. पण मागांचा आवाज कानातून येत नाही, तो जमिनीतून येतो, पायातून वर चढतो. मीच त्याला साक्षी आहे.

अज्जा हे सगळं बघत होते. दोन-तीन दिवसांनी सकाळचं ऊन शेडच्या दारात आलं आणि परीक्षेचा पेपर जेव्हा सुरू होतो, नेमक्या त्या सुमाराला खालचे सगळे माग एकदम थांबले. दुपारपर्यंत थांबलेलेच राहिले. विचारलं तर अज्जा म्हणाले, मोटार तापलीया. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोटार पुन्हा तापली. तिसऱ्या दिवशीही. शेवटी कृष्णात जॉबर पाने-पकडी घेऊन आला, मोटारीवर हात ठेवला आणि म्हणाला,

"अज्जा, मोटार गार हाय की."

"तुझा हात तापलाय," अज्जा म्हणाले. "म्हणून तुला गार लागतीया. चल, चहा घे."

कृष्णातनं वर जिन्याकडं पाहिलं, चहा घेतला आणि पाने पिशवीत भरले.

चंदना त्या दिवशी खाली गेली. तिनं अज्जांना विचारलं की तुम्हाला तर मी शाळेत जायला हवं आहे, मग हे कशाला. अज्जा मागाच्या कडेला पाय सोडून बसले होते. थांबलेल्या मागाशेजारी त्यांनाही चैन पडत नव्हती, हात उगीच सुतावरून फिरत होता.

"पैज लावली ती मी," ते म्हणाले. "डोळं बांधून पळायला लावायचं आणि वर हरलीस म्हणायचं, आसलं मला जमत न्हाय. हरायचं तर बरोबरीनं हर. आणि आता वर जा, मोटार लई वेळ तापत न्हाय."

त्यानंतरचे आठवडे माझ्यासाठी विचित्र होते. शांततेत माझ्यावर लिहिलं की करकर व्हायची, म्हणून चंदनानं खडू कोनाड्यात ठेवून दिला. ती माझ्याकडं पाठ करून जमिनीवर बसायची, मांडीवर पाट, पाटावर कागद, आणि ओठ घट्ट मिटलेले. पहिल्या दिवसांत तिचा पेन सारखा थांबायचा, बोटं पाटावर माग चालल्यासारखी वाजायची. मग हळूहळू बोटं थांबली आणि पेन चालू लागला. माझ्यावर धूळ बसली. शाळेत अडगळीत पडलो होतो तेव्हा मला वाईट वाटलं होतं. या वेळी नाही वाटलं. तेव्हा मला कुणी विसरलं होतं. आता मी जाणून-बुजून गप्प होतो, आणि माझं गप्प राहणं कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं. निदान मी तरी तसं समजून चाललो.

परीक्षा इचलकरंजीत झाली. पहिल्या पेपराला अनेकांत तिला गाडीवरून सोडून आले. ती परतली तेव्हा अज्जा शेडच्या दारात सुताची गाठ सोडवत उभे होते. त्या सुताला गाठच नव्हती.

"अज्जा, हॉल लई गप्प हुता," ती त्यांच्याच बोलीत म्हणाली.

"मग?"

"मग काय. लिहिलं की."

निकाल लागला त्या दुपारी शेजारीपाजारी जिन्यापर्यंत जमले. चंदना पास झाली होती, गणितात तर फार चांगली. अज्जांनी पेढ्यांचा पुडा आणला, तो तिच्या हातात न देता सोनलच्या हातात दिला आणि सुनेला म्हणाले, "तू शिकवलंस." सोनल पदरानं डोळे पुसत आत गेली. मग बसदीतले एक पावणे नेहमीच्या सवयीनं म्हणाले की आता तरी पोरीला चांगल्या कॉलेजात घाला. सगळ्यांनी अज्जांकडं पाहिलं. अज्जांनी शब्द दिला होता. त्यांनी एक पेढा तोंडात टाकला आणि तोंड मिटून घेतलं.

"मी घरीच शिकणार आहे," चंदना म्हणाली. "गणित. आठवड्यातून दोनदा एसटीनं कोल्हापूरच्या वाचनालयात जाईन, तिथं बसायची आता भीती नाही. घरी मात्र मी ओरडूनच शिकणार."

मित्रांनो, मी लाकूड आहे, तुम्हाला उपदेश करायचा मला अधिकार नाही. तरी एवढं मागतो. तुमच्या घरात कुणी शिकत असेल, तर त्याला काय लागतं ते विचारा. कुणाला आवाज लागतो, कुणाला शांतता, कुणाला आधी एक आणि मग दुसरं. जमलं तर तुमची मोटार थोडा वेळ तापू द्या. आणि माझ्यासारखं जुनं काही घरात असेल तर त्याला ओलीपासून जपा, वर्षा-दोन वर्षांनी रंगाचा एक हात द्या. आम्ही पुष्कळ टिकतो.

आज सकाळी चंदनानं माझ्यावर एक नवं गणित मांडलं आहे. खालपर्यंत पोचूनही ते सुटलेलं नाही, म्हणून ती खिडकीशी उभी राहून खडू दातात धरून विचार करते आहे. कुणी इकडं आलात तर कृपा करून फडक्याला हात लावू नका. ते अजून चाललं आहे.