जास्वंदीवरचे झिपरे पाहुणे

राजाजीनगरातल्या त्या गच्चीवर प्रमोदिनीची जास्वंद मरायला टेकली होती, आणि हे काम खालच्या मजल्यावरच्या महानंदाअक्कांचंच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. रोज सकाळी पदराआड वाटी झाकून ही बाई वर येते, ती काय हवा खायला?

जास्वंद सासवडच्या अंगणातल्या फांदीची होती. आई गेली, अंगण विकलं, तिथे इमारत उभी राहिली. आईची म्हणून एवढी कुंडीच उरली होती, आणि तिच्यावर कापसासारखी पांढरी कीड चढलेली. संध्याकाळी ऑफिसातून आली की प्रमोदिनी त्यातले सगळ्यात मोठे, झिपरे किडे वेचून चिरडायची. बारीक कीड काही हाताला लागत नसे. फांद्यांवर फिरणाऱ्या काळ्या मुंग्यांच्या वाटेला मात्र ती जात नसे. काळी मुंगी देवाची, मारायची नाही, हे आईचंच सांगणं.

एके सकाळी ती पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसली. अक्का आल्या. वाटीतलं एक पान त्यांनी जास्वंदीच्या फांदीत अलगद अडकवलं. पानावर तेच झिपरे किडे वळवळत होते!

"सापडलात ना शेवटी!" प्रमोदिनी कडाडली.

"अगं बाई, भ्यायले की!" अक्का मूळच्या निपाणीच्या; बोलण्यात कानडी मिसळायच्या. "स्वल्प थांब. ही कीड नव्हं, ढालकिड्याची पिल्लं हाईत. दिसतात किडीसारखी, पण तिलाच खातात. माझ्या पेरूवरची आणून सोडते."

"मग मला सांगायचं नाही?"

"तू बोलतीस कुठं? बघितलं की तोंड फिरवतीस. आणि रोज सोडलेली दुसऱ्या दिवशी गायब! मुंग्या हाकलतात म्हणा. किडीचा गोड रस पितात, म्हणून तिची राखण करतात. पण सगळीच्या सगळी? कोणतरी माणूस मारतंय बघ. मला त्या तुझ्या वरच्या भाडेकरूंचा संशय हाय."

प्रमोदिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मीच मारली, अक्का."

अक्कांनी वाटी पुढे केली. "सरी, असू दे. आता तुझ्या हातानं सोड."

तिने एक पिल्लू जपून फांदीवर ठेवलं. लगेच एक काळी मुंगी त्याच्या अंगावर धावून आली.

"चुकले गं आई," प्रमोदिनी पुटपुटली, आणि तिने मुंगी चिमटीत चिरडली.