माळवदावरचे निळे दार

फाल्गुनातल्या एका दुपारी कुंभारीच्या अलीकडे आमचा टेम्पो उलटला आणि रस्ताभर तांब्यापितळेची भांडी पसरली. लग्नकार्यांना भांडी भाड्याने देणे हा आमचा धंदा. हंडे, पराती, घंगाळी, शंभर पानांच्या पंगतीला पुरतील एवढी पातेली. समोरून आलेल्या ट्रकने धडक दिली तेव्हा गाडी अप्पा, म्हणजे माझे वडील, स्वतः चालवत होते. त्यांचा उजवा हात आणि खांद्याचे हाड मोडले, जीव वाचला. अक्कलकोटच्या एस.टी.तून उतरलेल्या अनोळखी माणसांनी उन्हात धावून धावून भांडी गोळा केली आणि बाभळीखाली त्यांचा ढीग रचला. घरी आणून मोजली, तेव्हा एक डावसुद्धा कमी नव्हता. एवढा चांगुलपणा पाहिला की मला आजही कारण नसताना उदास वाटते. त्याचे ऋण फेडायला ती माणसे पुन्हा भेटत नाहीत.

टेम्पो मात्र गेला. त्याची पुढची बाजू मागच्या बाजूला जाऊन भिडली होती.

विमा कंपनीचे सर्व्हेअर आबासाहेब इंगोले गाडी पाहायला आले, तेव्हा अप्पा इस्पितळात होते आणि घरातला पुरुष म्हणून मी एकटाच तिथे उभा होतो. माझे वय तेवीस, बी.ए. झालेला, एका शाळेत कारकून. इंगोले बुटके, घामाघूम, हातात जाड वही. त्यांनी पेन्सिलीने दारावर टकटक केले.

“ही दारं या गाडीची नव्हेत. कधी बदलली?”

“सुरुवातीलाच,” मी म्हणालो.

“का?”

या ‘का’चे उत्तर मला ठाऊक होते. ते ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. लहानपणापासून माझे असेच होत आले आहे. इंगोल्यांनी क्षणभर वाट पाहिली, वहीत काहीतरी लिहिले आणि ते निघून गेले.

महिन्याभराने पत्र आले. गाडी दुरुस्तीपलीकडे गेल्याचे कंपनीला मान्य होते. पण चार वर्षांच्या, अठरा हजारांना विमा उतरवलेल्या त्या गाडीची किंमत त्यांनी साडेसात हजार धरली होती. कारणही दिले होते. दोन्ही दारे जुन्या वाहनाची. अर्थात वाहनास पूर्वी मोठा अपघात झाला असावा, आणि तो मालकाने कळवला नाही.

साडेसात हजारांत धड चालणारा जुना टेम्पोही मिळत नव्हता. टेम्पो नसेल तर भांडी लग्नघरी पोहोचणार कशी? वैशाख तोंडावर आला होता. अप्पांनी गळ्यात अडकवलेल्या हातासकट भिंतीला टेकून ते पत्र माझ्याकडून वाचून घेतले.

“मी लपवलं म्हणतात व्हय रे?”

“तसा अर्थ होतो, अप्पा.”

“साकु,” ते म्हणाले. त्यांना एखादी गोष्ट संपवायची असली की ते हा कन्नड शब्द वापरीत. पुरे. “भांडी मोडीत देऊन टाकू. येत्या तिसऱ्या सोमवारी मोडवाल्याला बोलीव. मी गुरप्पाच्या दुकानात बसतो. तराजू धरायला डावा हात बास हाय की.”

गुरप्पा हा त्यांचा चुलतभाऊ. पंचवीस वर्षे स्वतःच्या गाडीवर बसलेला माणूस दुसऱ्याच्या दुकानात डाळ जोखणार, हे मला माझ्या एका गप्प राहण्याचे मोल वाटले.

दारांची गोष्ट अशी. आमचे आजोबा रुद्रप्पा बैलगाडी हाकीत. घरात रीत होती की नवी गाडी केली तर जुन्या गाडीचे एक अंग तिला द्यायचे, आणि तेही रोज हात लागणारे. कोरी गाडी रस्त्याला अनोळखी असते. तिच्या अंगात वाट माहीत असलेले काहीतरी असावे, असे आजोबांचे म्हणणे. पहिला टेम्पो आला तेव्हा बैलगाडीची फळी त्याच्या तळाला बसली. एकोणीसशे बहात्तर साली त्याच बनावटीचा नवा टेम्पो आला, तेव्हा अप्पांनी शोरूममधून तो थेट धोंडीराम मेस्त्रीच्या गॅरेजात नेला आणि त्याची कोरी निळी दारे काढून जुन्याची, पोचे आलेली, राखाडी दारे त्याला बसवायला सांगितली. धोंडीराम तेव्हा कपाळावर हात मारून म्हणाला होता, “अप्पा, नव्या नवरीला सासूचं लुगडं नेसवताय की ओ! लोक हसत्याल.”

“हसू देत. रस्ता वळखल्याशी कारण.”

हे मी एका सरकारी माणसाला कसे सांगणार होतो? मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकलो होतो. म्हणून मी पत्रे लिहिली. माझे अक्षर चांगले आहे, आणि कागदावर मला भीती वाटत नाही. एकामागून एक तीन पत्रे लिहिली. प्रत्येकाची वाक्ये रात्ररात्र घासून पुसून लखलखीत केली. पण त्या सगळ्यांत दारांविषयी एवढेच होते : ‘सदर दारे कौटुंबिक कारणास्तव बदलण्यात आली.’ तिन्ही पत्रांना एकच उत्तर आले. मूल्यांकन कायम.

अप्पांनी सांगितलेल्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि कंपनीच्या कार्यालयात गेलो. पंखा फिरत होता, पण त्याचा वारा कोणाच्याच वाट्याला येत नव्हता. इंगोल्यांच्या टेबलावर माझी तिन्ही पत्रे टाचणी लावून ठेवलेली होती.

“या. तुम्हीच का हे लिहिणारे?” ते म्हणाले. “अक्षर मोत्यासारखं आहे. आमच्या मुलीला दाखवलं मी. पण त्यात काही नाही हो! चार पानं वाचून माणूस जिथल्या तिथं.”

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. उठून जावे असे वाटले, आणि मी उठलोही असतो; पण डाव्या हातात तराजू धरलेले अप्पा डोळ्यांपुढे आले.

“साहेब, अपघात झाला नव्हता,” मी म्हणालो. “आमच्याकडे नव्या गाडीला जुन्या गाडीचं एक अंग देतात.”

“काय देतात?”

मी सांगू लागलो. आजोबांपासून सुरुवात केली. मध्ये दोनदा अडखळलो. ‘रस्ता ओळखायला’ असे म्हणालो तेव्हा सगळे कार्यालय हसले. चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थांबून ऐकू लागला.

“म्हणजे कोरी दारं काढून भंगार दारं लावली? पैसे देऊन?” कारकुनाने विचारले.

“हो. मजुरी बारा रुपये.”

“आणि त्यापायी आता दहा हजार जायची पाळी आली! रस्त्यानं बरी ओळख ठेवली की मग.”

इंगोले मात्र हसले नाहीत. त्यांनी टाचणी काढली, पुन्हा लावली. “हे त्या दिवशी का नाही बोललात?”

“लाज वाटली.”

“हं. गोष्ट खरी असेल. पण गोष्टीवर मला किंमत लिहिता येत नाही. नवी दारं काढली म्हणता, मग ती गेली कुठं? विकली?”

“घरी आहेत.”

“चार वर्षं? कशाला?”

हे सांगणे तर आणखीच कठीण होते. “आई त्यांच्यावर कुरडया वाळवते.”

या वेळी इंगोलेसुद्धा हसले. मग त्यांनी वही उचलली, टेबलाला कुलूप लावले आणि म्हणाले, “चला, बघूच.”

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी घरी आलो. आमच्या घराला मातीचे सपाट छप्पर आहे, त्याला आम्ही माळवद म्हणतो. शिडी चढून आम्ही वर गेलो. ऊन मी म्हणत होते. मधोमध चार विटांवर दोन निळी दारे आडवी ठेवलेली, त्यांवर पांढरे धोतर अंथरलेले आणि धोतरावर कुरडयांच्या रांगा. अव्वा, म्हणजे माझी आई गौरम्मा, पदर डोक्यावर घेऊन कावळे हाकत बसली होती.

“पाय जपून टाका बरं, काल घातल्यात त्या,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, “कोण हे?”

“विम्याचे साहेब. त्यांना दारं बघायची आहेत.”

“आत्ता? निम्म्या वाळल्यात. उचलल्या तर मोडत्याल की. संध्याकाळी या म्हणावं.”

“आई, मी अकलूजचा आहे,” इंगोले म्हणाले. “आमच्या घरी ह्याच कामाला बसवायचे मला. एकही मोडली तर सांगा.”

आणि खरोखरच कंपनीचा सर्व्हेअर उकिडवा बसून एकेक कुरडई दोन बोटांनी उचलून परातीत ठेवू लागला. मीही बसलो. अव्वा त्यांच्या बोटांकडे संशयाने पाहत होती. थोड्या वेळाने तिचा चेहरा निवळला. “हात चांगलाय तुमचा,” ती म्हणाली.

धोतर निघाले. वरच्या अंगाला रंग थोडा विटला होता, पण दार उलटे करताच आतला निळा रंग असा कोरा दिसला की जणू चार वर्षे त्या बाजूला उजाडलेच नव्हते. इंगोल्यांनी रुमालाने बिजागरीजवळची धूळ पुसली. तिथे कारखान्यात पिवळ्या रंगाने लिहिलेले चार अंक होते. त्यांनी वही उघडली, गाडीच्या चॅसीवरून उतरवून घेतलेल्या क्रमांकावर बोट ठेवले आणि त्याचे शेवटचे चार अंक मोठ्याने वाचले. मग दारावरचे वाचले. दुसरे दार उलटे करून तेही वाचले.

तेच होते.

“पोचा नाही, ओरखडा नाही, रंग कारखान्याचा,” ते स्वतःशीच बोलत लिहीत होते. “पूर्वी अपघात झाल्याचा पुरावा नाही. मेस्त्रीचं दोन ओळींचं लिहून आणा, दारं त्यानं कधी बदलली ते. या वेळी दोनच ओळी हं.”

धोंडीरामने त्याच संध्याकाळी लिहून दिले. म्हणजे त्याने सांगितले आणि मी लिहिले. “सासूचं लुगडं घालू का त्यात?” असे तो विचारत होता. मी नको म्हटले.

सोमवारी मोडवाला आला, तेव्हा अव्वाने त्याला परस्पर वाटेला लावले. त्यानंतर बाराव्या दिवशी पत्र आले. गाडीची किंमत सोळा हजार दोनशे धरण्यात आली होती. मी ते मोठ्याने वाचले, मग मनात वाचले आणि पुन्हा एकदा मोठ्याने वाचले. मी तिथेच जात्याच्या खुंट्याला धरून खाली बसलो. अव्वाने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच, दूध उतू जाईल म्हणून, आत गेली.

अप्पांनी एवढेच विचारले, “तू समद्यांसमोर सांगितलंस व्हय? फळीचं, दारांचं?”

“हो.”

“हसले?”

“खूप हसले.”

ते मान हलवत राहिले. त्यात राग होता की समाधान, मला कळले नाही.

सही करायला त्यांना स्वतः जावे लागले. उजवा हात अजून बांधलेला, म्हणून डाव्या हाताचा अंगठा साक्षीदारांसमोर द्यायचा होता. मी त्यांना रिक्षातून घेऊन गेलो. अप्पांच्या अंगठ्याची शाई मी पुसत असताना तोच मागच्या वेळचा कारकून मिश्कीलपणे म्हणाला, “काय काका, आता नव्या गाडीला काय बसवणार? त्या गाडीचं तर काही उरलं नाही.”

मी त्यांना घेऊन निघू लागलो. पण अप्पांनी खुर्ची ओढली आणि ते बसले.

“उरलं नाही कसं? मागचं फळकूट धड हाय की. पण ते राहू द्या. आमच्या बापानं पयली गाडी केली ती गोष्ट ऐका…”

माझे वडील चारचौघांत इतके बोलताना मी कधी पाहिले नव्हते. बैलांची नावे, सुताराचा स्वभाव, शोरूमच्या मॅनेजरचा पडलेला चेहरा, सारे काही आले. कारकुनांनी लेखण्या ठेवल्या. शिपाई या वेळी ट्रे ठेवून भिंतीला टेकला. इंगोल्यांनी न मागता चहा सांगितला. हशा पिकत होता, आणि सर्वांत मोठ्याने अप्पाच हसत होते.

मी खिडकीपाशी उभा होतो. बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला, कोणाचा तरी, गवताने भरलेला. मला आता कोणी काही विचारत नव्हते. चहाचा कप दोन्ही हातांत धरून मी ऐकत राहिलो.