मंगलचं पहिलं माहेर

खटकचिंचोळीच्या स्टँडवर माझं एसटीडीचं दुकान होतं, तेव्हाची ही गोष्ट. गावातली निम्मी पोरं पुण्याला आणि हैदराबादला गेलेली, त्यामुळे गावाची सगळी सुखदुःखं माझ्या कानावरून जायची. लोक त्या काचेच्या खोक्यात शिरून असं ओरडायचे, की फोन नसता तरी पुण्यात ऐकू गेलं असतं. मला याचा फार वैताग यायचा. एखादं बोलणं अर्धवटच ऐकू आलं, तर त्याहून जास्त यायचा.

त्या वर्षी अनसाकाकू गोठ्यात घसरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. बिदरला ऑपरेशन झालं, सळई बसवली, डॉक्टरांनी लोखंडी वॉकर दिला आणि रोज चालायला सांगितलं. काकूंनी घरी येताच त्या वॉकरवर लुगडं वाळत घातलं आणि बाज धरली. लिंगाप्पाकाका वारून बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा मल्लिकार्जुन पुण्याच्या कारखान्यात. त्यानं महिनाभर रजा काढून आईचं केलं, म्हणजे करू पाहिलं. काकू त्याचा हातसुद्धा झटकून टाकायच्या. परसातल्या संडासला जायचं तरी भिंत धरून एकट्या जायच्या, आणि तो दाराबाहेर जीव मुठीत धरून उभा राहायचा.

रजा संपली तेव्हा तो माझ्या दुकानात येऊन बसला. "शिवशंकर, घरात ऱ्हाणारी एक बाई बघून दे. ती नीट करायली का न्हाई, दिवाळीला येऊन बघतो. न्हाईतर आईला पुण्याला घेऊन जातो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर हाय, पर काय करायचं."

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला बोलावून घेतलं. "शिवा, मी पुण्याला जाणार न्हाई. मागं जाऊन ऱ्हायले न्हवं मी तिथं. सून लई चांगली हाय रे. पर उठले की म्हणती, आई बसा. भांडं उचललं की, आई बसा. बसून बसून मला वाटायलं, मेले की काय मी. बाई बघ, न्हाईतर तुझ्या दुकानाला टाळं लाव."

माझ्या दुकानाचा यात काय दोष, ते मला आजही कळलेलं नाही. पण काकूंपुढे बोलायची माझी छाती नव्हती, म्हणून बाई शोधायला निघालो.

आमच्या गावात आजाऱ्याच्या घरी चार घरांतून भाकरी येते, कुणी पाणी भरून जातं, कुणी पाय चेपून जातं. पण याच कामाचा पगार घ्या म्हटलं, की बायका पदर खोचून अंगावर येतात. काकूंच्या समोर राहणाऱ्या राजूबाईंना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आम्ही काय खानावळवाले हाव का? शेजारणीला पाणी द्यायचे पैसे घेऊ? आन् तिला सून हाय न्हवं, तिला बोलवा." राजूबाई म्हणजे गावाच्या रीतीभातींचं हायकोर्ट. त्यांनी निकाल दिला, की गावातली दुसरी बाई यायचा प्रश्नच नव्हता.

शेवटी भालकीतल्या एका ओळखीच्या कंपाउंडरनं मंगलचं नाव सांगितलं. मूळची बिदरच्या नौबादची, भालकीच्याच एका खाजगी दवाखान्यात आया होती, तो दवाखाना बंद पडलेला. आईबाप लहानपणीच गेले, नवऱ्यानं सोडलेली. अंगानं दणकट, हात सतत कामात. मी तिला बसमधून घेऊन आलो आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःवर खूश झालो.

ती खुशी अंगणापर्यंतच टिकली. राजूबाई दारातच उभ्या. "कोण म्हणायची ही?"

मी काही बोलायच्या आत काकू बाजेवरून म्हणाल्या, "लेक हाय माझी. मानलेली."

पोरानं आईपाशी पगारी बाई ठेवली, हे गावात बोललं जाऊ नये, एवढाच काकूंचा हिशेब. पण राजूबाईंना तर मीच आधी पगाराचं विचारलेलं; मानलेली तर मानलेली, म्हणत त्यांनी मंगलला तिथंच थांबवलं. घरातून भाकरीचा तुकडा आणि तांब्या आणला, तुकडा तिच्यावरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि गल्लीभर सांगितलं, की अनसाबाईची लेक पहिल्या माहेराला आली. आणि पहिल्या माहेराला आलेली लेक आमच्याकडं वाकत नाही. झाडू धरत नाही, चुलीपुढं बसत नाही. पाठवणी होईपर्यंत ती खाते आणि निजते.

मंगलनं पहिल्याच सकाळी झाडू उचलला, तो राजूबाईंनी हातातून काढून घेतला. ती आडावर गेली, तर बायकांनी घागर हिसकावली. दुपारी एका घरी जेवण, संध्याकाळी दुसऱ्या घरी ओटी. शेंगापोळ्या खाऊन खाऊन तिच्या चोळ्या तटतटायला लागल्या. बाजेवर आता ती बसायची. मग घरचं कोण करणार? काकूंनी वॉकरवरचं लुगडं ओढून फेकलं आणि त्या उठल्या. लेक घरात आहे आणि आई पडून राहिली, हे त्यांच्या बुद्धीला पटणारं नव्हतं. खुरडत चुलीपर्यंत, मग आडापर्यंत, मग चक्क माझ्या दुकानापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "लेकीला खारी बिस्किटं दे."

फक्त संडासला मात्र वॉकर न्यायचा नाही, कारण तिथं तो आत मावत नव्हता. पूर्वीसारखंच भिंत धरून जायचं, आणि कुणी मागं यायचं नाही. मंगल दाराबाहेर उभी राहायची. आता जीव मुठीत धरायची पाळी तिची होती.

इकडं मल्लिकार्जुनचा फोन यायचा. "बाई काम करायलीय का?" मी म्हणायचो, "घरात सगळं काम येळच्या येळी व्हायलंय." हे खोटं नव्हतं. कोण करतंय, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दिवाळीला तो भाड्याची जीपच घेऊन आला. मी सोबत गेलो, कारण पुढं काय होणार ते दुकानात बसून ऐकू आलं नसतं. अंगणात पाहतो तर मंगल बाजेवर, मांडीवर चकल्यांची परात, आणि काकू चुलीपुढं घामाघूम.

मल्लिकार्जुनचा चेहरा लाल झाला. "आई, ही तुला बघायला ठेवलीय का तू हिला? मी आंघोळ करून येतो, तू पिशवी भर. जीप भायेर उभी हाय."

काकूंच्या हातातला झारा थांबला. तेवढ्यात मंगल परात आदळून उठली आणि रडायलाच लागली. "अण्णा, मी काय करू? उठले की म्हणतेत, बस ग बाय. झाडू धरला की, बस ग बाय. बसून बसून अंग आंबलंय माझं. माणूस हाव का गाठोडं, काय कळंना. आन् आई तिकडं संडासात एकट्या जातेत, तवा माझा जीव जाग्यावर ऱ्हात न्हाई. पडल्या तर कोण धरंल?"

काकू तिच्याकडं बघत राहिल्या. पुण्याला जायचं नाही म्हणताना आपणही हेच आणि जवळजवळ याच शब्दांत बोललो होतो, हे त्यांना आठवलं असणार. माझ्या तरी ते चांगलं ध्यानात होतं, टाळं माझ्या दुकानाला लागणार होतं ना. मग आरडाओरडा ऐकून अंगणात आलेल्या राजूबाईंना त्या म्हणाल्या, "राजू, हिची पाठवणी आजच करायची. दुसऱ्या माहेराला लेक कामाला हात लावू शकती का न्हाई?"

राजूबाईंनी विचार केला. "लावती की. दुसऱ्या येळंला लेक घरचीच."

"मग सांजच्या बसनं ये ग परत," काकू मंगलला म्हणाल्या.

मल्लिकार्जुन काही बोलणार, तोच राजूबाईंनी त्याला गाठलं. बहीण माहेराहून निघाली आणि भाऊ पुण्याहून येऊन नुसता उभा? त्याच्या बायकोनं सासूसाठी दिलेलं नवं लुगडं पिशवीत होतं. ते मंगलच्या ओटीत गेलं. जिला कामावरून काढायला आला होता, तिला तो भालकीच्या बसमध्ये बसवून आला. मंगल खिडकीत हमसाहमशी रडत होती. तिची आयुष्यात आजवर कुणी पाठवणी केली नव्हती, आणि आता लटकी का होईना, केली होती.

"सांजच्या बसनं आली आन् काम करताना डोळ्यानं बघितली, तर ठीक," मल्लिकार्जुन मला म्हणाला. "न्हाईतर रातच्याला निघतो."

संध्याकाळची बस आली. उसाचे मजूर उतरले, दोन शाळामास्तर उतरले, एक बकरी उतरली. मंगल नाही. मी कंडक्टरला विचारलं, तर तो म्हणाला, एक बाई कसलं तरी धूड बसमध्ये चढवत होती, मी चढू दिलं नाही. मी त्याला दोन भाषांत शिव्या घातल्या. घरी जाऊन सांगितलं, तर लुगडं घेऊन पसार झाली, असं मल्लिकार्जुन म्हणाला आणि पिशव्या जीपमध्ये ठेवायला लागला. काकू वॉकर धरून दारात उभ्या होत्या. त्या काही केल्या आत जाईनात.

अंधार पडता पडता साखर कारखान्याकडून परतणारा रिकामा ट्रॅक्टर दारापुढं आला, आणि ट्रॉलीत मंगल उभी. तिनं धूड खाली उतरवलं. लोखंडी खुर्ची होती, बैठकीला मधोमध गोल भोक, खाली डब्याची जागा. बंद पडलेल्या दवाखान्याच्या मालकाकडून ती मागून आणली होती.

"दुसऱ्या माहेराला लेकीनं रिकाम्या हातानं येऊ न्हाई म्हणतेत," मंगल म्हणाली.

राजूबाईंनी खुर्चीला एक फेरी मारली, भोकातून खाली बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुठलाही निकाल न देता बाजूला झाल्या. मंगलनं लगेच पदर खोचला, झाडू घेतला आणि आतल्या खोलीचा कोपरा झाडून खुर्ची तिथं मांडली. झाडू कुणीही हिसकावला नाही.

"एवढा उशीर कामून केलीस?" काकू चिडून म्हणाल्या. "मी कवाची थांबलेय. संडासला जायचं हाय." मग वॉकर भिंतीला टेकवला आणि हात पुढं केला. "धर."

मंगलनं हात धरला. दोघी आत गेल्या, दार लोटलं गेलं. आम्ही अंगणात उभे. ज्या आईनं महिनाभर आपला हात झटकला, तिनं स्वतःहून हात पुढं केलेला मल्लिकार्जुननं पाहिला होता, आणि तो दाराकडं बघत होता.

आतून मंगलचा आवाज आला, "आई, बसा."

आणि काकू मुकाट्यानं बसल्या. मल्लिकार्जुन आधी हसला, मग त्यानं डोळे पुसले, आणि जीपमधल्या पिशव्या काढून जीपवाल्याला जायला सांगितलं.